भरताचा पहिला घास

सकाळचे नऊ वाजून गेले तरी उजाडल्यासारखं वाटत नव्हतं. लखनौत थंडी अशीच येते. आधी चार-आठ दिवस नुसतं धुरकट असतं, कुठूनतरी जळक्या पेंढ्याचा वास येत राहतो, आणि मग एका सकाळी खिडकीतून पाहावं तर समोरच्या क्वार्टरवरची पाण्याची टाकीच नाहीशी झालेली. आलमबागच्या रेल्वे कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, कांचन भंगाळे स्वयंपाकघराच्या फरशीवर पाय पसरून कळण्याचं पीठ चाळत होती. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणलेलं पीठ. इथला चक्कीवाला दर वर्षी विचारतो, "आंटी, ये किसके लिए है? गाय के लिए?" आणि कांचन दर वर्षी सांगते, "हाँ भैया, गाय के लिए. दो पैरवाली."

यंदा त्यानं विचारलं तर हिनं नुसते पैसे दिले. दळण घेतलं आणि चालायला लागली.

"झालं का गं?" हणमंतनं दारातून डोकं आत घातलं. कानटोपी, हातात टॉर्च, खांद्यावर दोन रजया. रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनियर असलेला हा माणूस कॅम्पच्या दिवशी शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा करतो. "वांगी कुठं ठेवलीस? डिकीत आधी वांगी, मग रजया."

"वांगी शर्मिष्ठा आणू राहिली."

"शर्मिष्ठा? तिला भाजता येतं का वांगं?"

"तिला सगळं येतं," कांचन म्हणाली आणि चाळणीवर इतक्या जोरात थाप मारली की पीठ फरशीवर सांडलं.

हणमंतनं मान हलवली आणि रजया घेऊन जिना उतरला. बायकोच्या बोलण्यातली धार त्याला लागते, पण जरा उशिरा. कधी संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी.

कॅम्प म्हणजे लखनौतल्या मराठी घरांचा हिवाळ्यातला कार्यक्रम. कुणी बँकेतलं, कुणी रेल्वेतलं, कुणी खाजगी कंपनीतलं. एक दिवस धरून सगळे जंगलात राहायला जातात. जंगल फार लांब नाही. इंदिरानगर संपलं, रिंगरोड ओलांडला, की नव्या टॉवरांच्या पाठीला पाठ लावून वनखात्याचं राखीव रान लागतं. शिसव, साग, बांबूची बेटं. आत एका मोकळ्या माळावर तंबू ठोकून मिळतात, एक हातपंप आहे, शेकोटीसाठी विटांनी आखलेल्या जागा आहेत. मोर ओरडतात, नीलगाई कुंपणाशी येऊन माणसांकडे बघत उभ्या राहतात, आणि डोक्यावरून अमौसीला उतरणारी विमानं जातात. शेकोटी होते, गाण्याच्या भेंड्या होतात. पण खरं म्हणजे सगळे येतात भरतासाठी. आणि भरीत म्हणजे कांचन. आजवर तरी तसंच होतं.

कांचन यावलकडची. तिकडं थंडी पडली की घरात कोण जेवतं? शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ करायचा, त्यात हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातात न मावणारी वांगी घालायची, सालं काढून लाकडी भांड्यात ठेचायची आणि केळीच्या पानावर घ्यायची. लग्न होऊन ती लखनौला आली ती अशाच थंडीत. शहर मोठं, भाषा गोड, सगळे 'आप-आप' करतात; पण जाळाचा वास नाही. पहिल्याच महिन्यात मंडीत तिनं एक जांभळं, गोल गरगरीत वांगं उचललं, उलटंपालटं केलं आणि स्वतःशीच म्हणाली, "माय व! हे वांगं म्हनू का फुटबॉल?"

मागून कुणीतरी फसकन हसलं.

"फुटबॉलच. आणि मला तर तो षष्ठीपर्यंत खेळायचा पण नाही."

ती मधुमती. फलटणची. नवरा भास्कर बँकेत. घरचं दैवत खंडोबा, म्हणून आषाढापासून चंपाषष्ठीपर्यंत वांगं बंद. कांदा सुटत नाही म्हणून तो तिनं देवाची माफी मागून चालू ठेवला होता, पण वांग्याच्या बाबतीत कडक. षष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य, तळी उचलायची, आणि मग वांगं मोकळं.

"पण मला मेलीला भरीत कुठं येतंय धड करायला," मधुमती म्हणाली होती. "गॅसवर भाजते, आतून कच्चंच राहतं."

"मंग माह्याकडं ये ना," कांचन म्हणाली. अनोळखी बाईला, पहिल्याच भेटीत, एकदम 'ये'. तोंडातून निघून गेलं. मधुमतीही आली.

त्या वर्षी कांचननं भावाला फोन केला. आत्मारामनं भुसावळला ओळखीच्या माणसाबरोबर पुष्पक एक्स्प्रेसमध्ये वांग्यांचं पोतं चढवलं आणि सकाळी कांचन छोट्या लाइनीच्या, म्हणजे लखनौ जंक्शनच्या, फलाटावर ते उतरवून घ्यायला उभी. तेव्हापासून दर वर्षी पोतं येतं. पुढं मराठी घरांचा कॅम्प सुरू झाला तेव्हा तारीख ठरली ती चंपाषष्ठी धरूनच. पऱ्हाटी इथं मिळत नाही, म्हणून तुरीच्या काड्यांचा जाळ. लाकडी भांड्याच्या दोन बाजूंना कांचन आणि मधुमती समोरासमोर बसतात, दोघींच्या हातात एकेक ठेचणी, एकीची खाली तर दुसरीची वर. ताल चुकत नाही. मग तळी होते, आणि मधुमतीचा वर्षातला पहिला घास कांचन तिच्या हातावर ठेवते. तो तोंडात गेला की मधुमती डोळे मिटते. मग म्हणते, "सुटले बाई."

भरताचं कौतुक तर सगळेच करत. पण 'सुटले बाई' हे फक्त कांचनला मिळायचं. त्यावर ती पुढचा सगळा उन्हाळा काढायची, लखनौच्या होरपळणाऱ्या लूसकट. मुलगी पूर्वा हैदराबादला नोकरीला गेली, फोनवर हिंदीतच बोलू लागली, "मम्मी, आप लोगों का बैंगन फेस्टिवल हो गया?" म्हणून चिडवू लागली, तरी कांचनचं फार बिघडलं नाही. मधुमती होती.

आणि दोन वर्षांमागं शर्मिष्ठा आली.

शर्मिष्ठा नाशिकची, अमौसीला एका विमान कंपनीत. नवरा दुबईत. स्वतःची गाडी, कापलेले केस, दहा माणसांत दहाही जणांशी एकाच वेळी बोलते. गणपतीत पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं वाकून दोघींना नमस्कार केला. मधुमतीला म्हणाली, "मधूताई, तुमची साडी काय सुंदर आहे हो!" आणि कांचनकडे वळून, "कांचनकाकू, तुमच्या भरताबद्दल खूप ऐकलंय."

ताई आणि काकू. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या. कांचननं हे घरी येऊन हणमंतला सांगितलं तर तो म्हणाला, "तू केस रंगवत नाहीस ना, म्हणून असेल." त्या रात्री त्याला भाजी वाढताना पळीचा आवाज जरा जास्तच झाला.

मग मधुमतीही बदलायला लागली. शर्मिष्ठासारखा फिक्या रंगाचा चिकनकारीचा कुर्ता तिच्या अंगावर आला. बोलण्यात मध्येच 'यार' यायला लागलं. एका सकाळी कांचननं फोन केला, "चल, अमीनाबादला जाऊ, रजयांचं कापड पाहू." मधुमती म्हणाली, "आज नको गं, पाठ धरलीय." बरं. कांचन एकटी गेली. येताना ई-रिक्शा हजरतगंजावरून आली, आणि तिथं फुटपाथच्या कडेला मधुमती उभी. हातात आलूच्या जाळीदार टोपलीतलं चाट, शेजारी शर्मिष्ठा, आणि मधुमती हसता हसता इतकी वाकलेली की पाठ धरलेल्या बाईला तसं वाकता येणं शक्य नाही. शर्मिष्ठानं रुमालानं तिच्या ओठाला लागलेलं दही पुसलं.

कांचननं तोंड फिरवलं. रिक्शावाल्याला म्हणाली, "जल्दी चलाइए भैया." घरी येऊन ती पडून राहिली. जेवली नाही. ह्या गोष्टी कुणाला सांगायच्या? नवऱ्याची दुसरी बाई असती तर सगळी कॉलनी धावून आली असती. मैत्रिणीची दुसरी मैत्रीण, ह्याला कोण काय म्हणणार?

तशात कळलं की भास्कर डिसेंबरअखेर निवृत्त होतोय आणि दोघं कायमचे फलटणला निघालेत. म्हणजे हा शेवटचा कॅम्प. शेवटचा पहिला घास.

हे कळलं त्याच आठवड्यात ग्रुपवर शर्मिष्ठाचा मेसेज आला. "मधूताई बिझी आहेत, त्यांनी मला तारीख बघायला सांगितली होती. मार्गशीर्षातली षष्ठी यंदा शनिवारीच येतेय, बुकिंग करून टाकलंय! यंदा सगळं मी बघणार, कांचनकाकूंना सुट्टी!" खाली टाळ्या, फुलं, हात जोडलेले.

कांचननं मान वर करून भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर भावानं पाठवलेलं मराठी कॅलेंडर. शर्मिष्ठानं सांगितलेल्या शनिवारी षष्ठी होती खरी, पण ती कार्तिक वद्य षष्ठी. चंपाषष्ठी त्यानंतर पंधरा दिवसांनी. चूक कुठं झाली हे कांचनला तिथल्या तिथं कळलं, कारण नवी नवी आली तेव्हा तीही हीच चूक करून बसली होती. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमा झाली की बदलतो, आपला अमावास्या झाल्यावर. त्यामुळं इथल्या कॅलेंडरात मार्गशीर्ष पंधरवडाभर आधीच लागतो आणि त्यात षष्ठी दोनदा येते. आधी येते ती अंधाऱ्या पंधरवड्यातली. शर्मिष्ठानं पहिली दिसली ती धरली.

कांचननं मोबाइल उचलला. 'अगं शर्मिष्ठा, तारीख' इतकं टाइप केलं. मग पुन्हा वर वाचलं. 'कांचनकाकूंना सुट्टी.' तिनं लिहिलेलं पुसलं आणि जोडलेल्या हातांचं एक चित्र पाठवून दिलं.

मग आत्मारामला फोन लावला. "भो, पोतं आत्ता नको. चंपाषष्ठी पंधरा दिवसांनी हे, तव्हा पाठव." आणि ग्रुपवर लिहिलं, "भावाकडं यंदा वांगी उशिरा धरली आहेत. कॅम्पला जमणार नाही."

मधुमतीच्या लक्षात का आलं नाही? आलं असतं एरवी. पण पंचवीसेक वर्षांचं घर उचलायचं होतं, फलटणला सासूबाईंना आता वार-तारीख आठवत नव्हती, आणि षष्ठी कधी आहे हे आजवर कांचनच सांगत आली होती. यंदा तिनं ते काम दुसरीला दिलं होतं. तेच तर कांचनला लागलं होतं.

आपण काय करणार आहोत हे कांचननं नीट ठरवलं होतं. आंघोळ करताना ती ते पुन्हा पुन्हा करून पाही. तळी होईल, शर्मिष्ठा घास उचलेल, मधुमती तोंड उघडेल, आणि तेवढ्यात कांचन म्हणेल, "थांब गं. आज चंपाषष्ठी नाही." सगळे वळून बघतील. शर्मिष्ठाचा चेहरा पडेल. आणि मधुमती तिचा हात धरून म्हणेल, "कांचन, तू होतीस म्हणून वाचले."

कॅम्पच्या दिवशी दुपारी ती आणि हणमंत रानात पोचले तेव्हा जरा ऊन आलं होतं. शर्मिष्ठा आधीच हजर. डोक्याला लाल स्कार्फ, तंबूंवर कागद चिकटवलेले, कुणी कुठं झोपायचं त्याचे. कांचन आपलं नाव शोधत फिरली. ते दुसऱ्याच एका बाईबरोबर होतं. मधुमतीचं शर्मिष्ठाबरोबर.

"काकू, तुम्हाला चालेल ना?" शर्मिष्ठा पळत आली. "मधूताई म्हणाल्या, जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर. मला त्यांच्याकडून फलटणच्या गोष्टी ऐकायच्यात."

"मला काय, कुठंबी झोप लागते," कांचन म्हणाली.

मधुमती हातपंपावर वांगी धूत होती. जांभळी, गोल. "अगं कांचन! बघ ना, इथलीच आणली. तुझ्या गावची असती तर..." ती थांबली. "जाऊ दे. तू भाकरी करशील ना?"

"सुट्टी हे ना मला."

"असं काय गं बोलतेस!" मधुमती हसली आणि ओल्या हातानं तिला एक चापट मारली. कांचनला ती चापट बरी वाटली, आणि बरी वाटली म्हणून स्वतःचा राग आला.

अंधार पडायच्या आत जाळ झाला. शर्मिष्ठानं वांगी घातली. तेल लावलं होतं, टोचलीही होती; कुठूनतरी बघून आली असणार. कांचन बाजूच्या चुलीवर भाकऱ्या थापत होती आणि कान तिकडं. एखादं तरी वांगं फुटावं, सगळ्यांच्या अंगावर उडावं, असं तिला मनापासून वाटत होतं. एकही फुटलं नाही. मग लाकडी भांडं बाहेर निघालं. कांचनचंच होतं, हणमंतनं नेहमीसारखं डिकीत टाकलं होतं. एका बाजूला मधुमती बसली, दुसऱ्या बाजूला शर्मिष्ठा. ठकठक सुरू झाली. ताल दर दोन ठोक्यांनी चुकत होता, ठेचण्या एकमेकींवर आपटत होत्या, आणि दोघी हसत होत्या. कांचनबरोबर ठेचताना मधुमती कधी हसत नसे. मन लावून ठेचायची. ते चांगलं की हे? कांचनची एक भाकरी करपली.

"कांचन, भाकरी!" भास्कर ओरडला. "लक्ष कुठंय?"

"धूर जातो डोळ्यात," ती म्हणाली.

मग तळी झाली. ताटात भरीत, भाकरी, नारळ, भंडारा. पाच पुरुष गुडघ्यांवर बसले, हणमंत आणि भास्कर त्यांच्यात. "येळकोट येळकोट जय मल्हार!" ताट वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर. बांबूच्या बेटाआड कोल्ह्यांनी ओ दिली तशी पोरं खिदळली. भंडारा उधळला. शर्मिष्ठानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर भरीत घेतलं, आणि मधुमतीपुढं गुडघे टेकून बसली. खाली सांडू नये म्हणून दुसरा तळहात तिनं मधुमतीच्या हनुवटीखाली धरला.

आत्ता. कांचनला माहीत होतं, आत्ताच बोलायचं. पण ती त्या तळहाताकडं बघत राहिली. हनुवटीखाली धरलेला, जरासा वाकवलेला. आपण इतक्या वर्षांत घास तिच्या हातावर ठेवला, असा हात कधी धरला नाही. का नाही धरला?

तोंड उघडलेली मधुमती थांबली. तिनं वर पाहिलं.

"अगं," ती म्हणाली, "चांद कुठंय?"

"धुकं आहे," भास्कर म्हणाला.

"धुकं कुठंय? ते बघ, चांदण्या दिसतायत." मधुमती उभी राहिली. शिसवांच्या शेंड्यांमधून खरोखरच बचकभर चांदण्या दिसत होत्या, टॉवरांच्या उजेडाकडं जरा पुसट. "दर वर्षी तळी उचलताना ताटाच्या मागं चांद असतो. अर्धा. मी दर वर्षी बघते. शुद्ध षष्ठीला ह्या वेळी तो वर असायलाच पाहिजे." ती बोलता बोलता हळू झाली. "ही वद्यातली आहे. शर्मिष्ठा, ही वद्यातली षष्ठी आहे."

कुणीतरी मोबाइल काढला. कुणीतरी म्हणालं, "अरे हो, यार." शर्मिष्ठाचा हात घासासकट तसाच हवेत. तिचा चेहरा पडला, अगदी कांचननं आंघोळीच्या वेळी पाहिला होता तसाच. पण कांचनला त्याची चव आली नाही.

"मधूताई, सॉरी... मी त्या कॅलेंडरवर मार्गशीर्ष बघितलं आणि..."

"असू दे गं. खाल्लं नाही अजून मी."

आणि तेव्हा हणमंत बोलला. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या तोंडानं, एखादी हरवलेली वस्तू सापडल्याच्या आनंदानं. "अगं, म्हणूनच तू आत्मारामला म्हणाली होतीस ना फोनवर, पोतं आत्ता नको, चंपाषष्ठी पंधरा दिवसांनी हे म्हणून! मी तेव्हाच म्हणणार होतो, मग हा कॅम्प कशाचा?"

शेकोटीत एक काडी तडकली.

मधुमतीनं कांचनकडं पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"मी सांगणारच होती," कांचन म्हणाली. "आत्ता सांगणारच होती."

"बुकिंग झालं तेव्हापासून ठाऊक होतं?"

कांचननं हाताला चिकटलेलं पीठ खरवडायला घेतलं. शर्मिष्ठा मध्ये पडली, "जाऊ द्या ना मधूताई, चूक माझीच आहे."

"हो," मधुमती म्हणाली. "चूक तुझीच झाली. कांचनची चूक नाही झाली."

क्षणभर कांचनला वाटलं, सुटले. मग तिला त्या वाक्याचा अर्थ लागला.

भरीत सगळ्यांनी खाल्लं. चांगलं झालं होतं. मधुमतीनं नुसती भाकरी आणि ठेचा घेतला आणि शर्मिष्ठाच्या तंबूत गेली. रविवारी सकाळी पोहे झाले, तंबू रिकामे झाले, निघताना मधुमतीनं कांचनला हात केला, जसा सगळ्यांना केला तसा.

पंधरा दिवस फोन आला नाही. कांचननंही केला नाही. एकदा नंबर लावून कट केला. हणमंतनं विचारलं, "माझं काही चुकलं का गं?" तर ती म्हणाली, "तुमचं कधी चुकतं?" आणि तो समाधानानं पेपर वाचायला लागला.

खऱ्या षष्ठीच्या सकाळी धुक्यामुळं पुष्पक उशिरा आली. कांचन छोट्या लाइनीवर शाल गुंडाळून उभी राहिली. पोतं उतरलं. घरी आणून तिनं गच्चीवर उपडं केलं. हिरवी, पांढऱ्या रेघांची वांगी उन्हात चकाकायला लागली. तिनं तुरीच्या काड्या रचल्या. येईल, असं तिला वाटत होतं. शेवटचं वर्ष आहे, इतकं तरी करील. जिन्यावर पाऊल वाजलं की ती मान वळवायची. एकदा धोबी आला. एकदा वरच्या मजल्यावरची बाई.

मग फोन वाजला. मधुमती.

"कांचन, ऐक. मी आज शर्मिष्ठाकडं जातेय. ती करणार आहे नैवेद्य."

"अच्छा."

"तिचं मन फार खट्टू झालंय गं. म्हणते, माझ्यामुळं तुमचा नेम मोडला असता. म्हणून."

"बरोबर हे," कांचन म्हणाली. "मंग?"

पलीकडून मधुमतीनं विचारलं, "पोतं आलं का?"

"आलं."

"देशील का तिला थोडी वांगी? मला इथल्या वांग्याचं... तुला माहितीये ना."

कांचननं काड्यांच्या ढिगाकडं पाहिलं. काडेपेटी तिच्या दुसऱ्या हातात होती. "पाठवते," ती म्हणाली.

"ये ना तूही."

"नको. काम हे." आणि तिनं फोन ठेवला.

पिशवी घेऊन ती वांग्यांपाशी बसली. आधी हात गेला तो कडेच्या वांग्यांकडं. एक दाबून पाहिलं: निबर, आत नुसत्या बिया असणार. दुसऱ्याच्या देठाशी अळीचं बारीक छिद्र. तीन-चार अशी शोधून शोधून तिनं पिशवीत टाकली. मधुमती घास घेईल. दाताखाली बी येईल. डोळे मिटणार नाही. 'सुटले बाई' म्हणणार नाही. म्हणेल, कांचनच्या हातचं ते कांचनच्या हातचं.

की म्हणेल, कांचनच्या गावची वांगीच तसली?

कांचननं पिशवी उपडी केली. मग एकेक वांगं हातात तोलून घेतलं. हलकं तेवढं ठेवायचं, जड म्हणजे बियांचं, ते बाजूला. कोवळी, हलकी, बिया न धरलेली पाच वांगी तिनं निवडली, सगळ्या पोत्यात उजवी होती ती. पदरानं पुसली. देठ मोडू नयेत म्हणून खाली जुनी उशीची खोळ घातली. त्या बाईला कसंही भाजू दे, कसंही ठेचू दे, मधुमतीच्या जिभेला कळेल हे कुठलं आहे. शर्मिष्ठासमोर कळेल. तळहात हनुवटीखाली धरलेला असेल तेव्हाच कळेल.

"अहो!" तिनं जिन्यातून हाक मारली. "हे शर्मिष्ठाकडं देऊन या. आत्ता लगेच."

हणमंत वर आला. रचलेल्या काड्या बघितल्या, पिशवी बघितली. "आपण नाही करायचं?"

"संध्याकाळी करू आपल्यापुरतं."

"तिला काही सांगू? भाजताना कसं, काय?"

कांचननं जरा विचार केला. आत्मारामच्या वांग्यांची साल पातळ. जाळ मोठा झाला की बाहेरून लगेच काळी पडतात आणि आत कच्ची राहतात. त्यांना मंद आच लागते, जरा जास्त वेळ. इथल्या फुटबॉलांवर शिकलेल्या बाईला हे कुठून ठाऊक असणार?

"काही नको सांगायला," ती म्हणाली. "तिला सगळं येतं."

हणमंत जिना उतरला. खाली स्कूटर सुरू झाली. गेटापर्यंत गेली, तशी कांचन कठड्याशी धावली. "अहो! जाळ मंद ठेव म्हणावं! म्हनावं, मंद!" हणमंतनं हेल्मेटातून मान हलवली की नुसताच खड्डा चुकवला, ते तिला वरून कळलं नाही. स्कूटर वळणावर दिसेनाशी झाली.

ती कठड्याशी उभी राहिली. मग मागं फिरून तिनं काड्या एका बाजूला सरकवल्या, वांगी पोत्यात भरली, आणि दुपारच्या भाजीसाठी आणलेला मटार सुपात ओतून उन्हाकडं पाठ करून सोलायला बसली.